कॅलरीमीटरला ओलं फडकं

आमच्या वलगावच्या घरात उन्हाळा लागला हे कॅलेंडर बघून कळत नसे, बारदान बघून कळे. होळी झाली की माय माळ्यावरची जुनी पोती खाली काढायची, उसवायची, विहिरीवर नेऊन धुवायची, आणि मग पाऊस येईपर्यंत त्या घरात गुंडाळण्यासारखं जे काही असेल ते ओल्या बारदानात नाहीतर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं. आमचा धंदाच तसा होता. गावाबाहेर आमचा मळा, त्यात मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे पुण्या-मुंबईकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती. पहाटे काढलेली भाजी अमरावतीच्या बाजारात विकून होईपर्यंत तिच्यात जीव राहिला पाहिजे, आणि तो ओल्या बारदानाखाली राहतो, एवढं एक शास्त्र आमच्या घरात पक्कं होतं. त्याच शास्त्रानं माठाला फडकं, दुधाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, फडकं, खायच्या पानांना फडकं, आणि दुपारी मळ्यातून परतणाऱ्या बाबांच्या डोक्यालाही ओला दुपट्टा. बाबांनी एकदा हौसेनं ट्रान्झिस्टर आणला, तेव्हा तो तापतो म्हणून मायनं त्यालाही ओलं फडकं गुंडाळलं. त्यानंतर तो नुसता खरखरायचा, पण गार असायचा.

दुपारी त्या घराला एक ठरलेला आवाज होता. मळ्यातल्या मोटरची घरघर लांबून यायची, ती बंद पडली की वीज गेली असं समजायचं आणि माय सरकारला उद्देशून दोन शब्द बोलायची. टिनाचं छप्पर तापून टक्‌टक् वाजायचं. त्या छपराखाली, अंगणातल्या शेडमध्ये, भाजीचे ढीग झाकलेले असत आणि त्यावर पाणी मारलं की ओल्या तागाचा आणि मेथीचा मिळून एक वास सुटायचा. जेवायला ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, कांदा, आणि मायचा मूड बरा असला तर कढीगोळे. मूड क्वचितच बरा असे, पण तिचे कढीगोळे मात्र असे होत की बाकीचे दिवस आम्ही तिला माफ करायचो. आता मी अकोल्यात असते. इथल्या उन्हाळ्याबद्दल दर वर्षी पेपरात मोठ्या अक्षरात छापून येतं आणि बाहेरगावचे नातेवाईक फोन करून काळजी करतात. मी कूलरसमोर बसून त्यांना सांगते की आम्ही जिवंत आहोत. घरात कढीगोळे मीच करते, आणि ते मायसारखे होत नाहीत हे मला कुणी सांगायची गरज नाही.

मी अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले, याचं श्रेय कुणालाच जात नाही. बारावीला मार्क बरे पडले, शाळेतल्या बाई घरी येऊन बोलून गेल्या, आणि बाबांना समोरच्या माणसाला नाही म्हणायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात माझा प्रवेश झाला. सकाळी भाजीच्या गाडीत ढिगांच्या मागे बसून जायचं आणि संध्याकाळी एस.टी.नं परत यायचं. अंगाला मेथीचा वास येतो म्हणून पहिल्या वर्षी वर्गातल्या मुली जरा लांब बसायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्या आया माझ्याकडून ताजी मेथी मागवायला लागल्या आणि तो प्रश्न मिटला.

आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर पुण्याकडचे होते. इतकी वर्षं अमरावतीत राहूनही ते इकडच्या उन्हाळ्याकडे पाहुण्यासारखे बघायचे. वर्गात मात्र ते तळमळीनं शिकवत, आणि त्यांनी शिकवलेल्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग म्हणजे उदासिनीकरणाची उष्णता मोजणं. नाव जड आहे, काम साधं. तांब्याच्या एका भांड्यात, म्हणजे कॅलरीमीटरमध्ये, आम्ल घ्यायचं, त्यात तेवढंच अल्कली ओतायचं, ढवळायचं आणि थर्मामीटरचा पारा किती चढला ते बघायचं. दोघं एकमेकांना संपवतात, मागं मीठ आणि पाणी उरतं, आणि या भानगडीत जी उष्णता निघते ती मोजायची. आमच्या प्रयोगात पारा साधारण सात अंश चढायचा. त्यावरून हिशेब केला की पुस्तकातलं उत्तर यायचं, तेरा पूर्णांक सात किलोकॅलरी. तीव्र आम्ल कुठलंही घ्या, तीव्र अल्कली कुठलंही घ्या, उत्तर जवळपास तेच. मला याचं फार अप्रूप वाटायचं. आमच्या बाजारात शेजारशेजारच्या दोन गाड्यांवर सांभाराचा भाव सारखा नसे.

यात पथ्य एकच, भांड्यातली उष्णता बाहेर जाता कामा नये आणि बाहेरची आत येता कामा नये. त्यासाठी भांडं लाकडी पेटीत कापूस भरून बसवतात. आमच्या कॉलेजातल्या पेट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, म्हणून सर सांगायचे, "भांडं जाड फडक्यात नीट गुंडाळा." हिवाळ्यात आम्ही हा प्रयोग केला तेव्हा फडकी गुंडाळली आणि उत्तर बरं आलं. परीक्षा आली एप्रिलमध्ये. प्रयोगशाळेच्या खिडक्यांतून झळा येत होत्या, नळाचं पाणी हाताला चटके देत होतं. चिठ्ठी उचलली, माझा आवडता प्रयोग निघाला, मी खूश झाले आणि फडकं नळाखाली धरलं, पिळलं, भांड्याला गुंडाळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये भांड्याला फडकं गुंडाळायचं म्हणजे ते ओलं करायचं, याचा विचारही माझ्या डोक्यात आला नाही, नुसता हात नळाकडे गेला. ज्या दोघी-तिघींना तोच प्रयोग आला होता त्यांचेही हात गेले. परीक्षक अकोल्याहून आलेले होते, त्यांना ते ओलं फडकं दिसलं असणार, पण वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाळ्यात भांड्यावर ओलं फडकं दिसलं तर ते दिसत नाही. सरांनीही पाहिलं. त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं की त्यांना वाटलं, इकडे असंच करत असतील.

माझा पारा सात अंश चढायच्या ऐवजी साडेचारला थबकला आणि मग हळूहळू उतरायला लागला. हिशेब केला तर उत्तर नऊ. बाकीच्या मुलींचंही तसंच काहीतरी आलं असणार, पण त्यांनी पेपरात तेरा पूर्णांक सहा, तेरा पूर्णांक आठ असं समजूतदार लिहिलं. मी नऊ लिहिलं. मी फार सत्यवादी होते अशातला भाग नाही, मला उलटीकडून हिशेब जुळवता येत नव्हता. परीक्षकांनी विचारलं, "हे नऊ कुठून आणलं?" मी म्हटलं, "थर्मामीटरमधून." त्यांना ते उद्धट वाटलं. लेखी पेपर सगळे निघाले आणि प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले.

बाबा चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, कारण चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. त्यांनी रात्रीची भाकर खाल्ली, हात धुतला आणि म्हणाले, "अजून एक खेप बस. निंघाली तं निंघाली. नाही तं मंग गाडीवर बसाचं, अन् पुढचं पुढं पाहू." पुढचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. नांदगाव खंडेश्वरकडचं एक स्थळ मायच्या बोलण्यात येऊन गेलं होतं, मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. पण मला शिकायचं होतं. बी.एस्सी.च्या पुढे काय असतं हे मला नीट माहीतही नव्हतं, तरी ते मला हवं होतं, इतकं की वर्षभर बाजारात सांभाराच्या जुड्या बांधताना माझ्या मनात दुसरं काही येत नव्हतं. त्या वर्षी मी बाजारात रोज बसले. ओरडायला शिकले. गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं ते शिकले. आणि पारा साडेचारला का थबकला, हे मला वर्षभर समजलं नाही.

पुन्हा परीक्षेचे दिवस आले तेव्हा मी कॉलेजात जाऊन सरांना म्हटलं की मला घरी सराव करायचा आहे. सरांनी विरळ आम्लाची एक आणि अल्कलीची एक अशा दोन बाटल्या, एक मोजपात्र, एक थर्मामीटर आणि काचेची कांडी दिली. म्हणाले, "डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धू, आणि माझं नाव घेऊ नकोस." कॅलरीमीटर काही त्यांनी दिला नाही. घरी तांब्याचं भांडं एकच होतं, देवापुढचा तांब्या. मायनं तो द्यायला साफ नकार दिला. मग मी तो तिला न विचारता घेतला, आणि पहिल्याच प्रयोगानंतर तो आतून असा लखलखीत निघाला की मायनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "उद्या बी कर."

बाबा आधी मी भाजेन-बिजेन या भीतीनं शेडमध्ये येऊन बसले. दर अर्ध्या मिनिटाला पारा वाचायचा असतो, आणि ढवळणं, वाचणं, घड्याळ बघणं हे सगळं एकटीला जमत नव्हतं. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. मी मागितलं तर ते काढून देईनात, म्हणून मग तेच पोत्यावर बसून वेळ सांगायला लागले. अर्धं मिनिट झालं की "झालं" म्हणायचे. बाकी त्यांना या प्रयोगाचं कौतुक नव्हतं.

"दोन पानी मिसळले का गरम होतेत," ते म्हणाले, "थे तं मले बी ठाव हाये. चुना विझवतानी दिसते. त्याच्यात परीक्षा कायची?"

"किती गरम होते, थे मोजाचं असते बाबा."

"मोजून काय करतेत?"

आज कुणी विचारलं तर मी पुष्कळ सांगू शकेन, पण त्या प्रश्नाचं वजन आजही कमी झालेलं नाही. मी तांब्याला ओल्या बारदानाचा तुकडा गुंडाळला आणि म्हटलं, "बस, तुमी वेळ सांगा."

दुपारी बाजार उरकून आल्यावर आम्ही हे करत होतो. मी आम्लात अल्कली ओतायची, बाबा "झालं, झालं" म्हणायचे, पारा चार-साडेचारपर्यंत चढायचा आणि तिथून माघारी फिरायचा. एकदा तर तो मिसळण्याआधीच खाली सरकत होता. मी तो स्थिर व्हायची वाट बघत बसले आणि तो स्थिर होईना. हिशेब दरवेळी नऊच्या आसपास. बाबा म्हणाले, "पुस्तकच चुकलं असन. छापनारे बी मानसंच असतेत." मला त्या वेळी ते पटायला आलं होतं.

मग बाटल्यांत शेवटच्या एका प्रयोगापुरतं उरलं. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, मोटर बंद, विहिरीतलं पाणी पोहरा पुरणार नाही इतकं खोल गेलेलं, घरात दोनच बादल्या पाणी. भाजी गाडीत जायची राहिली होती, कारण गाडीवाल्याच्या घरी लग्न होतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत सांभार टिकवायचा होता आणि माय बादल्यांवर पहारा देत बसली होती. मी बारदानाचा तुकडा घेऊन गेले.

"पानी नाही," माय म्हणाली.

"एक गिलास दे. फडकं भिजवाचं हाये."

"तुह्या तांब्याले देऊ का सांभाराले देऊ? सांभार इकला तं पैसे येतेत. तुह्या तांब्यातून काय येते व?"

मी फणकाऱ्यानं शेडमध्ये आले आणि तो कोरडा, खरखरीत तुकडा तसाच तांब्याला गुंडाळला. आता तरी काय होणार, नऊच्या जागी आठ येतील, असा माझा विचार होता. बाबा पोत्यावर बसले. मी ओतलं, ढवळलं. "झालं." पारा चार. "झालं." साडेपाच. बाबा पुढे झुकले. "झालं." पारा सहाच्या वर गेला, पावणेसातला जाऊन उभा राहिला, आणि तिथेच राहिला. माघारी फिरेना.

"आज गडी चढून राह्यला," बाबा म्हणाले.

मी कांडी हातात धरून तशीच बसले. समोर सांभाराचे ढीग होते, त्यावर मायनं नुकतंच पाणी मारलेलं बारदान होतं, आणि त्यातून वाफ नव्हे, गारवा येत होता. ओलं फडकं वाळताना आतल्या वस्तूची उष्णता घेऊन वाळतं, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं, म्हणून तर आमची भाजी टिकते. मी इतके दिवस एका हातानं उष्णता तयार करत होते आणि दुसऱ्या हातानं ती हवेत उडवून देत होते. मी बाबांना तसं सांगितलं. मला रडू येत होतं, त्यामुळे नीट सांगता आलं नसेल. बाबा उठले, ढिगाजवळ गेले, बारदानाखाली हात घालून थोडा वेळ उभे राहिले. मग परत येऊन तांब्याभोवतीच्या कोरड्या तुकड्याला बोट लावून पाहिलं.

"म्हंजे पुस्तक बरोबर हाये," ते म्हणाले.

"हो."

"अन् तू बी खोटं लिवलं नव्हतं."

"नाही."

आणि ते विहिरीकडे निघून गेले.

परीक्षेच्या दिवशी मी कोरडं, जाडजूड, चौपदरी फडकं पिशवीतून नेलं. परीक्षक पुन्हा अकोल्याचेच, तेच. मी चिठ्ठी उचलली. पृष्ठताण. नळीतून द्रवाचे थेंब पाडायचे आणि मोजायचे. ज्या प्रयोगापायी माझं एक वर्ष गेलं होतं, तो शेजारच्या टेबलावरच्या मुलीला आला होता. ती चांदूरकडची होती, मी तिला ओळखतही नव्हते. तिनं भांडं घेतलं, फडकं घेतलं आणि सरळ नळाकडे निघाली. मी म्हटलं, "नको." परीक्षक म्हणाले, "बोलायचं नाही." मी माझे थेंब मोजले. एकदा तिच्याकडे बघताना मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. तोंडी परीक्षेत त्यांनी पृष्ठताणावर चार प्रश्न विचारले, मला तीन आले. मी म्हटलं, "सर, मागच्या वर्षीच्या त्या नऊ किलोकॅलरीबद्दल मला सांगायचंय." ते म्हणाले, "ते तुमच्या चिठ्ठीत नाही."

संध्याकाळी बाबा अंगणातच उभे होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "फडक्याचं सांगितलं का?"

मी जे झालं ते सांगितलं, त्या चांदूरच्या मुलीसकट. बाबांचं तोंड उतरलं. मी नापास झाले तेव्हाही ते इतकं उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कोनीच नाही इचारलं?"

"नाही."

"मंग त्या पोरीचं बी नऊच आलं असन."

"आलं असन."

दुसऱ्या दिवशी भाजी उतरवून गाडी परत आली, पण बाबा तिच्यात नव्हते. माय म्हणाली, धुतलेलं धोतर नेसून गेले, टोपीही नवी घातली, तिला वाटलं कुणाकडे बसायला गेले असतील. दुपारी ते एस.टी.नं आले, पाय धुतले, पाटावर बसले. मी विचारायच्या आधीच माय म्हणाली, "कुठी गेले होते?"

"कालेजात."

कॉलेजात धोतर नेसलेले वडील फी भरायला नाहीतर भांडायला येत, आणि फी तर भरलेली होती. "काहून बाबा?"

"तुह्या मास्तराले भेटलो. चार जुड्या मेथीच्या नेल्या होत्या, ओल्या फडक्यात. त्यायले म्हटलं, हे फडकं भाजीले बरोबर हाये, तुमच्या भांड्याले नाही. माही पोरगी म्हनते, फडकं कोरडं पायजे."

माही पोरगी म्हनते. माझ्या कळत्या वयापासून बाबांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. ते 'मी म्हणतो' म्हणायचे, 'लोक म्हणतात' म्हणायचे, मायवर फार राग आला की 'ही म्हणते' म्हणायचे.

"मास्तर काय म्हने?" मायनं विचारलं.

"त्यायनं फडकं दाबून पाह्यलं. मंग म्हने, बरोबर हाये तिचं. म्या म्हटलं, बरोबर तं असनच, माह्या समोर झालं." त्यांनी ताट पुढे ओढलं. "अन् त्यायले इचारून आलो. बी.एस्सी.च्या पुढं अजून दोन वर्सं राह्यते. अमरावतीतच."

मायनं भाकर वाढता वाढता हात थांबवला. "अवो, निकाल तं लागू द्या. नापास झाली तं?"

बाबांनी कांदा बुक्कीनं फोडला.

"तं अजून एक खेप बसन," ते म्हणाले.